काय काम होतं?

सायवन या आदिवासी गावातल्या शाळेत सातवीचा इंग्रजीचा तास चालू होता. साल २०१६ असावं, दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला होता. विषय नेहमीचाच... घरी पाहुणे आले तर इंग्रजीत काय बोलायचं.

मी फळ्यावर अख्खा संवाद लिहून दिला होता. वेलकम, हाऊ आर यू, प्लीज सिट डाऊन, मग चहाचं विचारायचं. आठवडाभर घोकून घेतला आणि त्या दिवशी जोड्या करून मुलांना पुढे बोलावलं.

पहिली जोडी रंजना आणि तिची मैत्रीण. मैत्रीण पाहुणी म्हणून दारातून आत आली, खाली बसली. रंजनाही तिच्याजवळ बसली. आणि मग... काहीच नाही. दोघी गप्प.

मला वाटलं विसरल्या. मी दोनदा 'हाऊ आर यू' पुटपुटून सुचवलं, तर रंजनाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच मध्ये लुडबुड करतेय. एरवी कुणी जरा अडखळलं की हा वर्ग खिदळायचा. त्या दिवशी कुणी हसलं नाही. सगळे शांतपणे बघत होते, म्हणजे त्यांच्या मते नाटक व्यवस्थित चाललं होतं.

शेवटी मी चिडलेच. तेव्हा रंजना हळूच म्हणाली, "बाई, ती आताच आली. जरा बसू तं द्या."

मग तिने समजावून सांगितलं. पाड्यावर कुणी आलं की येतं आणि बसतं. घरातलं माणूस हातातलं काम करत राहतं, नाहीतर तेही बसतं. बोलायचं असेल तर बोलणं मागाहून निघतं, नाही निघालं तरी चालतं. "आल्या आल्या विचारला तं तिला वाटंल, हे मला उठवतात."

मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. कारण मला माझे रविवार आठवले...

मी मूळची बार्शीची. नवरा पुण्याला नोकरीला, मी सायवनला शाळेजवळच्या एका खोलीत. फोनला रेंज हवी तर रस्त्यापर्यंत चालत जायचं. रविवारी कपडे धुवून, वह्या तपासून अकरा वाजता मोकळी व्हायचे आणि पुढचा दिवस अंगावर यायचा. खरं सांगते, त्या खोलीत मला फार एकटं वाटायचं. बदलीचा अर्ज केव्हाच भरून ठेवला होता.

त्या पावसाळ्यात एका रविवारी रंजनाची आई, लखमीबाय, माझ्या ओट्यावर येऊन बसली होती. मी बाहेर येऊन विचारलं, काय काम होतं? "काय नाय," ती म्हणाली. मी दारात उभी, ती ओट्यावर बसलेली. थोड्या वेळाने उठून गेली.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी मी विचारायच्या आत तिने पदराखालून दोन काकड्या काढून पुढे केल्या. मला वाटलं, हेच काम होतं. मी काकड्या घेतल्या, थँक्यू म्हटलं आणि आत आले. त्यानंतर ती आली नाही.

बिचारीने माझ्यासाठी काम शोधून आणलं होतं. आणि मी रस्त्यावर जाऊन नवऱ्याला फोनवर सांगत होते की इथे कुणी माझ्याशी बोलतच नाही, कुणाला माझं काही पडलेलं नाही... वर मुलांना पाहुण्यांचं स्वागत शिकवत होते.

त्या आठवड्यात मी फळ्यावरचा संवाद पुसला. नवीन संवादात पहिली ओळ कोरी ठेवली. आधी बसायचं, मग वाटेल तेव्हा हाऊ आर यू. मुलांना एकदम जमलं. चहा तर कुणीतरी न विचारताच आणून दिला, खोटाखोटा.

आणि रविवारी मी रंजनाच्या घरी गेले. तीन वेळा उठवलेल्या माणसाच्या दारात आपण कुठल्या तोंडाने जायचं...

लखमीबाय अंगणात बसून तांदूळ पाखडत होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं, लगबगीने उभी राहिली आणि अगदी हसून, मोठ्या अगत्याने म्हणाली, "काय काम होता, बाई?"

वाटलं, ठीक आहे, उट्टं काढलं. पण तिच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. रंजना मागून म्हणाली, "तुमच्यात असाच विचारतात ना पाहुण्याला? आये म्हणं, आपण पण तसाच विचारू."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिला दिसू नये म्हणून मी पटकन खाली बसले. म्हटलं, "काही नाही, अशीच बसायला आले."

ती पुन्हा पाखडायला लागली. मी बघत बसले. तासभर आम्ही काही बोललो नाही आणि त्या गावात पहिल्यांदाच मला एकटं वाटलं नाही.

२०१९ मध्ये बदली झाली. आता पुण्यात आहे, नवरा आहे, रेंजही फुल आहे. फोन वाजला की माझ्याच तोंडून निघतं, बोला, काय काम होतं... आणि समोरच्याचं काम असतंच. नुसतं बसायला इथे कुणी येत नाही.

लखमीबायकडे स्मार्टफोन नाही, ती हे वाचणार नाही. पण रंजना असते इथे ऑनलाइन, अधूनमधून लाईक दिसतो तिचा. रंजना, आईला म्हणावं, बाईंनी आठवण काढली. ती विचारेल काय काम होता... तर सांग, काहीच नव्हतं.