तळाशी राहिलेलं मीठ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मुंबईतलं पहिलं वर्ष संपवून मे महिन्यात रत्नागिरीला आलो, तेव्हा परत जाईन याची मला खात्री नव्हती. वडील गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. पावसाळ्यासाठी गलबत खाडीच्या काठावर ओढून, माडाच्या झापांनी शाकारून झालं होतं, त्यामुळे ते घरीच होते. येत्या मोसमात मला गलबतावर न्यावं म्हणून काका त्यांच्या मागे लागले होते. वडील हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते.

एके सकाळी आई खारातल्या कैऱ्या घालत होती. पाण्यात खडेमीठ टाकून ती ढवळत राही आणि मीठ तळाशी राहू लागलं की थांबे. तेवढा खार असला तरच कैऱ्या टिकतात. वडील आणि काका तिथेच बसले होते. तिचं काम बघता बघता वडिलांनी मला विचारलं, "यातलं काही शिकवतात का तुमच्याकडे?"

मला आनंदच झाला. म्हटलं, "शिकवतात ना. ठरावीक पाण्यात ठरावीकच मीठ विरघळतं. मग ते द्रावण संपृक्त झालं. पण पाणी तापवलं की जास्त विरघळतं. हे खालचं सगळं जाईल."

"दाखव बघू."

आईने कुरकुरत पातेलं चुलीवर ठेवलं. कढ आला. मी ढवळत राहिलो. मीठ जरासं कमी झालं असावं, किंवा मलाच तसं वाटलं असेल. तळाशी ते होतंच.

"वा रे मेल्या!" काका म्हणाले. "वर्षभर मुंबईत राहून पाणी तापवायला शिकलास! दादा, याला भात रांधायला तरी गलबतावर घेच."

वडील हसले नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली. तेवढ्यात आठवलं, वर्गात प्रयोग केला होता तो सोऱ्यावर, म्हणजे बंदुकीच्या दारूत घालतात त्या क्षारावर, खायच्या मिठावर नव्हे. सगळ्याच पदार्थांचं तसं असेल, असं मीच धरून चाललो होतो. आईकडून साखर मागून घेतली. वाटीभर थंड पाण्यात ती बराच वेळ ढवळूनही खाली राहिली. वाटी निखाऱ्यावर ठेवली, तेव्हा सगळी विरघळली.

"मग मिठाला काय धाड भरली?" काकांनी विचारलं.

"ठाऊक नाही," मी म्हणालो. हे म्हणणं फार जड गेलं. "पदार्थापदार्थात फरक आहे, एवढं दिसतंय. तो का, ते मला माहीत नाही. प्रोफेसरांना विचारावं लागेल."

वडिलांनी पुन्हा एकदा पातेल्यात वाकून पाहिलं.

"मग विचारून ये," ते म्हणाले.

"अरे दादा, पण मोसम..."

"मोसम दरसाल येतो." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "पावसाआधीची शेवटची आगबोट कधी सुटते रे?"