बक्षिसाला न थांबणारी पार्टी

आमच्याकडे गाण्याच्या पार्टीत एक रीत आहे. गाणं रंगात असताना कोणी उठून स्टेजजवळ येतो, नोट वर धरतो. गायक डावा हात उचलतो. ढोलकी थांबते, बेंजो थांबतो, कोरस मधल्या शब्दावर गप्प होतो. गायक वाकून नोट घेतो, देणारा कानात नाव सांगतो आणि ते नाव माइकवर जातं: यांच्याकडून सप्रेम भेट, पार्टी त्यांची आभारी आहे. टाळ्या. मग गाणं पुन्हा मुखड्यापासून. गाणं कशाचंही असो, देणारा कोणीही असो. लहानपणापासून हे माझ्या डोक्यात जातं. एकाला आपलं नाव स्पीकरवर ऐकायचं म्हणून सगळ्या गावाचं गाणं कापायचं, आणि याला म्हणायचं दाद.

जयंतीच्या दिवसांत ज्या पार्टीला आमच्या भागातलं प्रत्येक गाव बोलवायचं, तिच्यातल्या तिघांबद्दल मी सांगते आहे. गायक दिवसा शाळेत मास्तर, आणि आवाज असा की माइक नसला तरी मागच्या रांगेला पोचायचा. ढोलकीवाला ऑटो चालवायचा. तिसरा बेंजोवाला. बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेली पेटी. गाण्याची सगळी गोडी तिच्यातून यायची. तिघंही माझ्या बाबांच्या वयाचे, म्हणून तिघंही माझे काका.

बेंजोकाकांची बायको हंगामात जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायची. पहाटे मजूर पुरवणाऱ्या मेस्त्रीचा टेम्पो गावात यायचा, बाया चढायच्या, दिवसभर मशीनला कापूस लावायच्या. मशीनच्या पट्ट्यावर जाळी नव्हती. तिचा पदर त्या पट्ट्यात गेला, आणि ती गेली. मालकाने सांगितलं, ती आमच्याकडे कामालाच नव्हती, कोणाला तरी डबा द्यायला आली होती. मेस्त्री तेच बोलला. तिच्या शेजारी उभ्या राहून काम करणाऱ्या बाया काहीच बोलल्या नाहीत, कारण पुढच्या हंगामातही टेम्पो त्याचाच येणार होता. आम्ही कामगार खात्यात दरख्वास्त दिली. अधिकारी म्हणाला, साक्षीदार आणा. साक्षीला पुढे या, अशी पत्रकं मी घरोघरी वाटली. बायांनी घेतली, घडी घातली आणि चुलीजवळ ठेवली.

बरेच महिने बेंजोकाका पार्टीत आले नाहीत. मग एक दिवस आमच्या गावी, तामसीला, आमच्या घरी आले. आमच्या कापूस ठेवायच्या खोलीत पार्टीची तालीम चालायची. त्यांच्या पिशवीत नांदेडहून आणलेलं लोखंडी पेडल होतं, रॉकवाले गिटारीचा आवाज फाडायला लावतात ते. त्यांनी ते बेंजोला जोडलं आणि एक बटण दाबलं. पत्र्याच्या खोलीत कानाचे पडदे फाटतील असा आवाज झाला.

ढोलकीकाका म्हणाले, "हे काऊन असं रडून राह्यलं बे?"

"रडून नाई राह्यलं. जिनिंग चालू हाय. आइक."

आम्ही ऐकलं. खरंच जिनिंग होती.

तिथून त्यांचं रॉक सुरू झालं. ढोलकीकाकांनी बंद पडलेल्या एका ब्रास बँडचा ड्रमसेट आणला. मास्तरकाकांना आधी पटेना. "मी गोड गळ्याचा माणूस, या कडकडाटात मी काय करू?" बेंजोकाका म्हणाले, "तुमी तिचं नाव घ्या. बाकी आमी पाहून घेतो." तिच्यावरचं गाणं पार्टीत म्हणता येणार नव्हतं. जयंतीच्या मंडपावर त्या मालकाचं बॅनर असायचं, कमिटीने दुसऱ्या दिवशी पार्टी बदलली असती. म्हणून पार्टी पार्टीच्या जागी, आणि हे आपलं बाजूला, तिघांचं. नियम एकच ठरला: इथं बक्षिसाला थांबायचं नाही. कोणी कितीही मोठा उभा राहो, गाणं शेवटपर्यंत जाईल.

गाणं मी लिहिलं. ढोलकीकाकांनी कागद वाचला आणि विचारलं, "पोरी, हे गाणं हाय का कलेक्टरले निवेदन?" मला राग आला. बेंजोकाकांनी 'शोषण' खोडलं, 'नफेखोर' खोडलं. राहिला पहाटेचा टेम्पो, तिच्या केसांतला कापूस, जाळी नसलेला पट्टा. शेवटच्या कडव्यात तिचं नाव, तिचं गाव, त्या जिनिंगचं नाव आणि चार शब्द: तिथं कामाला होती ती.

पहिल्यांदा ते आदिलाबादला कॉलेजच्या मैदानावर वाजवलं. पोरं बेभान नाचली. निम्म्यांना मराठी येत नव्हतं, तेलुगूत ओरडून त्यांनी पुन्हा वाजवायला लावलं. ढोलकीकाका खूश, मास्तरकाका तर परतताना बसमध्ये ड्रमसारखी सीट बडवत होते. बेंजोकाका खिडकीतून बाहेर पाहत होते. मी विचारलं तर म्हणाले, "नाचले ना ते. त्याहीनं तिले टेम्पोत चढताना पाह्यलं का कधी? ज्याहीनं पाह्यलं त्याहीच्या समोर म्हणाचं हाय. एक जरी बाई उठून हो म्हणाली, तं साक्ष झाली."

ती संधी त्यांच्याच गावात आली, भीमपूरकडच्या. समाजमंदिराचं उद्घाटन होतं, पार्टीला सुपारी होती. मधल्या वेळात आमचं एक गाणं, असं मास्तरकाकांनी कमिटीकडून कबूल करून घेतलं. दुपार कलली होती. सगळं गाव बसलेलं. जिनिंगच्या त्या बाया उजवीकडे, एकमेकींना चिकटून. पाहुण्यांच्या खुर्च्यांत जिनिंगचा मालक. मास्तरकाका मला म्हणाले, "बसू दे. समोरच आइकन तो."

बेंजोने पट्टा फिरवला. पहिल्या सुरालाच त्या बायांतली एक ताठ बसली. तो आवाज तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. टेम्पोचं कडवं झालं. कापसाचं झालं. तिने पदर तोंडाला लावला. पट्ट्याचं झालं. मी तिच्याकडेच पाहत होते आणि मला वाटलं, ही उठणार.

शेवटच्या कडव्याला मास्तरकाकांनी श्वास घेतला आणि मेस्त्री स्टेजजवळ आला. हातात नोट, वर धरलेली.

आणि मास्तरकाकांचा डावा हात उचलला गेला.

ड्रम थांबला. ढोलकीकाकांनी हात पाहिला आणि थांबले, जन्मभर थांबत आले तसे. मास्तरकाका वाकले. मेस्त्री कानात बोलला. आणि तिच्या नावासाठी घेतलेल्या त्याच श्वासात, त्याच गोड गळ्याने, मालकाचं नाव स्पीकरवर गेलं. यांच्याकडून सप्रेम भेट. पार्टी त्यांची आभारी आहे. गावाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजतातच.

बेंजो एकटा चालू होता.

मास्तरकाकांच्या तेव्हा लक्षात आलं. पुन्हा मुखड्यावर जायला ते वळले, पण सूत्रसंचालकाने माइक काढून घेतला होता, पाहुण्यांचा सत्कार सुरू झाला होता. ती ताठ बसलेली बाई खाली पाहत होती.

मेस्त्रीने हे मुद्दाम केलं का, याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण तो याच गावचा, याच मांडवांत वाढलेला. नोट वर धरली की काय होतं, हे त्याला आमच्यापेक्षा कमी माहीत नव्हतं.

कोणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. कामगार खात्यात आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा अधिकाऱ्याने तेच टेबलावर लावलं. मागे बेंजोचा जिनिंगसारखा आवाज, पुढे मास्तरकाका आभार मानताना. "आप लोग तो स्टेज से शुक्रिया कर रहे हैं," तो म्हणाला, "फिर शिकायत किस बात की?" मी तावातावाने रीत समजावून सांगू लागले. बेंजोकाकांनी माझा दंड धरला. "ऱ्हाऊ दे. त्याले नाई समजन." चौकशी बंद झाली.

लोक मला विचारतात, मास्तरकाकांवर राग नाही का? नाही. त्यांनी नंतर मला आपला डावा हात दाखवला, जणू तो कोणा दुसऱ्याचा होता. "याले कोन सांगन, बाई, का इथं थांबाचं नाई?" मला राग आहे तो तो हात घडवणाऱ्या मांडवांचा. तिथं मेलेल्या बाईला शेवटच्या कडव्यापर्यंत वाट पाहावी लागते आणि नोटवाल्याला ओळ संपायचीही नाही.

पुढच्या जयंतीला पार्टी पुन्हा बसली. नोट आली, हात उठला, सगळे थांबले. बेंजो थांबला नाही. मास्तरकाका आभार मानत राहिले आणि खाली ती पट्ट्याची घरघर. कमिटीने बजावलं, या माणसाला आणू नका. आता त्या जागेवर कीबोर्ड आहे. आमच्या खोलीतला ड्रमसेट ढोलकीकाकांनी प्लास्टिक घालून झाकून ठेवला आहे.

मी बेंजोकाकांना म्हटलं, मी चौकात उभी राहते, मी नाव घेते.

"तू घेतलं तं भाषण होते," ते म्हणाले. "भाषणाले बाया येत नाईत."

"मग पत्रकात छापू. नाव, गाव, सगळं."

"घडी घालून चुलीपाशी ठेवतीन. ते म्हणाचंच नाव हाय, पोरी."

म्हणून ते इथंही लिहिलेलं नाही. सध्या बेंजोकाका स्वतः गायला शिकून राहिले आहेत. संध्याकाळी आमच्या खोलीत येतात, पेडल जोडतात, पट्टा फिरवतात. त्यांना सूर नाही, कधीच नव्हता. टेम्पोचं कडवं जमतं, कापसाचं जमतं. तिचं नाव येतं तिथं आवाज फाटतो. मग ते बटण सोडतात, पाणी पितात आणि पुन्हा मुखड्यापासून धरतात.