काकी चालवत होत्या म्हणे

लालबागला आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला, तेव्हा प्रत्येक घराला पोडियमवर एकेका गाडीची जागा मिळाली. माझ्या शेजारची जागा चाळीतल्याच एका काकांच्या वाट्याला आली. चाळीत ते आमच्या समोरच्या खोलीत राहायचे. टॉवरमध्ये ते सोसायटीचे अध्यक्ष झाले.

एका रविवारी सकाळी मी मासळी घेऊन आले, गाडी नीट पट्ट्यांच्या आत लावली, पिशव्या काढून लॉक करत होते. तेवढ्यात काकांनी त्यांची गाडी रिव्हर्स घेतली आणि माझ्या गाडीचं मडगार्ड चेपून दिवा फोडला. गाडीत ते एकटेच होते. उतरल्यावर त्यांनी आधी स्वतःचा बंपर पाहिला.

"तुझी गाडी पट्ट्याबाहेर आहे," ते म्हणाले.

"काका, चाकं बघा ना."

"संध्याकाळी कमिटीत बघू."

संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात मी बसतेय तोच काका म्हणाले, "गाडी ही चालवत होती." 'ही' म्हणजे काकी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, काठी धरून त्यांच्या बाजूला बसलेल्या.

मला काही कळेना. मग सेक्रेटरीने हळूच समजावलं. काकांच्या लायसन्सची मुदत संपली होती. त्यांचं नाव आलं तर विमा कंपनी हात वर करणार. काकींचं लायसन्स चालू होतं. "तू फक्त तसं लिहून दे. तुझी गाडी त्यांच्या विम्यातून दुरुस्त होईल." मी कॅमेऱ्याचं फुटेज मागितलं, तर त्या बाजूचा कॅमेरा बंद आहे म्हणाला.

"काकी, तुम्ही चालवत होतात?" मी विचारलं.

"तिला काय विचारतेस? मी सांगितलं ना," काका म्हणाले.

काकी काठीकडे बघत म्हणाल्या, "होय गो, मीच होते. चुकलं माझं." आणि त्यांनी मला हात जोडले. आई कामाला गेली की शाळेसाठी माझ्या वेण्या घालायच्या, त्याच या काकी.

"बायकांचं रिव्हर्स म्हणजे असंच," कमिटीतला एकजण म्हणाला. सगळे हसले. काकाही हसले. समोरचा चहा तसाच ठेवून मी उठले.

"मी खोटं लिहून देणार नाही," एवढंच म्हणाले.

गाडी मी माझ्याच विम्यातून दुरुस्त करून घेतली. काकांनी बिल्डिंगभर सांगितलं, चूक तिचीच होती, म्हणून तर गपचूप स्वतः करून घेतली. लोकांना ते पटलंही. लिफ्टमध्ये एका बाईंनी मला आरशात बघून गाडी लावायचा सल्ला दिला.

काका बाहेर गेलेले असताना एका दुपारी काकी माझ्याकडे आल्या. काठी भिंतीला टेकवून बसल्या. मग म्हणाल्या, "तुला हात जोडले त्याचं काही नाही गो. पण कमिटीतले सगळे हसले, तेव्हा हेसुद्धा हसले."

मी त्यांचा हात धरून बसले.

या वर्षी काका पुन्हा बिनविरोध निवडून आले. गाडीही तेच चालवतात. काकी शेजारी असतात, आणि रिव्हर्स घेताना त्या मागे नीट बघत नाहीत म्हणून ते त्यांच्यावर ओरडतात. मला पाहिलं की काका काचेतून हात करतात. मी करत नाही.