बाकाचा चौथा पाय

काकांच्या सवयी अशा होत्या.

कोणाच्याही घरी गेले की खुर्ची आधी उलटी करून बघायची, मग बसायचं.

खोक्याची चिकटपट्टी फाडायची नाही, सोलायची. सुतळी निघाली तर मनगटाला गुंडाळून घरी न्यायची.

चहा संपला की कपाचा कान जरा ओढून बघायचा. हातात आलाच तर यजमानालाच सांगायचं, "बरं झालं. उद्या तुमच्या मांडीवर सांडला असता."

खिशात कायम एक बुटका स्क्रूड्रायव्हर.

दारातून जाताना वाकायचं. दार कितीही उंच असो.

गेल्या आठवड्यात काका गेले. सकाळी, चहा घेताना, खुर्चीतच. काल मी बादली आणायला गेले होते. दुकानात उभी राहून तिची कडी ओढत होते. दुकानदार म्हणाला, "ताई, तुटेल ना ती." मी कडी सोडली. बादली न घेताच परत आले.

काका आमच्या नगरपालिकेचे भांडारप्रमुख होते. झाडू, दिवे, नळ, शाळेची बाकं, गावाला जे जे लागतं ते त्यांच्या हाताखालून यायचं. मी साहित्य शिकले आणि त्याच ऑफिसात पत्रं लिहायला लागले. माझं टेबल त्यांच्यासमोर होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कविता करतेस का?" मी नाही म्हणाले. तरी शेवटपर्यंत त्यांनी मला कविराजच म्हटलं. "कविराज, या पुरवठादाराला जरा गोड शब्दांत सांग, की तुझा माल म्हणजे कचरा आहे."

ऑफिसात सगळे त्यांना नमुनेकाका म्हणत. कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी तिचा नमुना मागवायचा, घरी न्यायचा, आणि महिना-दोन महिने त्याच्याशी संसार करायचा. त्यांच्या पुढच्या खोलीत छताला रस्त्यावरचा दिवा टांगलेला असे. कोपऱ्यात फरशी पुसायच्या काठ्या, सगळ्या वेगवेगळ्या. भिंतीवर एक नळ होता. त्याला पाणी नव्हतं. येताजाता प्रत्येकाने तो एकदा उघडायचा आणि बंद करायचा, एवढंच. मीही करायचे. त्या घरात शिरताना चपला काढायच्या आणि नळ फिरवायचा.

काकू म्हणायच्या, "या घरात माझं म्हणावं असं काही नाही बाई. सगळं तपासणीवर आहे. मीसुद्धा."

"तू पास झालीस," काका आतून ओरडायचे.

"कधी? मला कळवलं नाहीत ते."

"अजून निकाल लावायचाय."

आमचं गाव मधलं. टेकडीवर वरचं गाव, ओढ्याकाठी खालचं. तिन्ही गावं लहान, तिन्ही नगरपालिका वेगळ्या, आणि तिघींची तोंडं तीन दिशांना. प्रत्येक गाव आपापलं थोडंथोडं विकत घ्यायचं. पुरवठादार कुणालाच धूप घालायचा नाही. मोठ्या शहरांनी नाकारलेला माल आमच्याकडे यायचा. दिवे पावसात फुटायचे, बाकं वर्षभरात डुगडुगायची, आणि मोडलेलं सगळं ओढ्याच्या वळणावर जाऊन पडायचं. काका संध्याकाळी तिकडे फिरायला जात. लोक फुलं बघायला बागेत जातात, काका मोडक्या खुर्च्या बघायला जायचे. एकदा मलाही घेऊन गेले. एका बाकाजवळ थांबले आणि म्हणाले, "एका स्क्रूसाठी गेलं बिचारं."

त्यांचं एक वाक्य मला पाठ आहे. "मुलगी देताना लोक घर बघतात. वस्तू घेताना तिचं मरण बघावं. मोडल्यावर ती कुठे जाणार, कोण तिला विचारणार."

तिन्ही गावांनी एकत्र खरेदी करावी, हा त्यांचा ध्यास होता. "एकटा गेलो तर दुकानदार पाठ फिरवून बोलतो," ते म्हणायचे. "तिघं गेलो तर खुर्ची देतो."

"आणि तुम्ही ती उलटी करता," मी म्हणायचे.

"मग? फुकट मिळाली म्हणून काय झालं!"

खालचं गाव लगेच तयार झालं. तिथले भांडारप्रमुख जाडजूड आणि हसरे होते. काकांना ते लांबोजी म्हणायचे. वरचं गाव मात्र अडून बसलं. तिथले नगराध्यक्ष काकांना प्रत्येक भेटीत एकच म्हण ऐकवायचे. "तीन तिगाडा, काम बिगाडा." काका टेकडी चढायचे, म्हण ऐकायचे, उतरायचे. हे काही वर्षं चाललं. शेवटी वरच्या गावाने मान डोलावली. एका वस्तूपुरती. झाडू.

काकांनी झाडू निवडायला सगळा जीव ओतला. दांडा लाकडी, पुढचे केस झिजले की तेवढेच बदलता येतील असा. रोज सकाळी स्वतः अख्खी गल्ली झाडली. शेजारी हसले. काकू म्हणाल्या, "घरात कधी हात लावला नाहीत तो झाडूला!" काका खूश होते. "कविराज, लिही. पाठ अजिबात वाकत नाही."

लिहिलं मी तसं. तिन्ही गावांना झाडू गेले.

दोन दिवसांनी वरच्या गावची मुकादमबाई आमच्या ऑफिसात आली. सफाईच्या सगळ्या बायका तिच्या हाताखाली. ठेंगणी, आवाज मोठा. बरोबर पाच-सहा जणी होत्या. प्रत्येकीच्या हातात नवा झाडू, आणि प्रत्येकीच्या डोक्याच्या वर दांड्याचं टोक.

"कोण ते साहेब ज्यांची पाठ वाकत नाही?"

काका उभे राहिले. ते उभे राहतच गेले, असं वाटलं. मुकादमबाईने पायापासून डोक्यापर्यंत त्यांना बघितलं.

"हां," ती म्हणाली. "आता कळलं."

ऑफिसात कुणीतरी फिसकन हसलं.

"साहेब, हा झाडू आहे की झेंड्याची काठी? आमच्या गल्ल्या उताराच्या, वर पायऱ्या. वळताना दांडा मागच्या भिंतीला बसतो. परवा हिने एकाच्या खिडकीची काच फोडली. नाकापेक्षा मोती जड!"

"चूक झाली," काका म्हणाले.

"नुसती चूक नाही. हात दाखवून अवलक्षण."

सगळे झाडू त्यांच्या टेबलाला टेकवून ती निघून गेली. त्या झाडूंच्या रानात काका बराच वेळ बसून राहिले. इतक्या वस्तू त्यांनी आयुष्यभर तपासल्या. प्रत्येक वेळी स्वतःच्या हाताने. दुसऱ्याचा हात वेगळा असतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

खालच्या गावातून निरोप आला. "लांबोजी, आमच्याकडे झाडूने छतावरची जळमटं छान निघतात."

सुताराकडून दांडे कापून घेतले. कापलेले तुकडे काकांनी फेकू दिले नाहीत. त्यांच्या खुंट्या झाल्या. तिन्ही गावांच्या शाळांत मुलांची दप्तरं त्यांना लटकतात. मुलं त्या खुंट्यांना काका म्हणतात. हे कोणी सुरू केलं ते माहीत नाही, पण मला संशय काकूंचा आहे.

यानंतर काकांनी एक रीत घातली. वस्तू जो वापरणार, त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय घ्यायची नाही. आणि हात तिन्ही गावांचे हवेत.

मग बाकांचं काम निघालं. शाळेची बाकं हा त्यांचा जुना सल होता. दूरच्या एका कारखान्यात त्यांना हवं तसं बाक मिळालं. चारही पाय वेगळे निघतात, फळी बदलता येते, मोडलेला भाग कारखाना परत घेऊन दुरुस्त करून देतो. पण कारखान्याची अट होती. तिन्ही गावांनी मिळून घेतलं तरच. दोन गावांसाठी ते साचा बनवणार नव्हते.

काका परत टेकडी चढले. मी बरोबर होते. नगराध्यक्षांनी म्हण ऐकवली आणि पुढे म्हणाले, "आमच्याकडे शाळेची झाडलोटही मुकादमबाईच बघते. बाकं उचलायची, सरकवायची तिच्या माणसांनी. ती हो म्हणाली तर आम्ही आहोत. नाही म्हणाली तर हा नमस्कार."

मुकादमबाई शाळेच्या आवारात होती. काकांनी तिला घरी यायचं आमंत्रण दिलं. बाकाचा नमुना आला आहे, सुटे भाग आहेत, तुमच्या हाताने जोडून बघा.

"पुन्हा तुमची पाठ वाकत नाही म्हणून आमची वाकवायची का?"

"माझी पाठ यात कुठेच नाही. म्हणून तर आलोय."

ती हसली नाही. "बघू," म्हणाली.

टेकडी उतरायला लागलो. माझ्या मनात आलं ते मी बोलून टाकलं. "ती आली नाही तर?"

"तर ओढ्यावर फिरायला जायला मला आयुष्यभर सोबत आहे," ते म्हणाले. "डुगडुगती."

पुढच्या खोलीत सतरंजी घालून बाकाचे भाग मांडले होते. स्क्रू स्टीलच्या वाटीत. पहिला पाय काकूंनी लावायचा असं ठरलं. "तीन तिगाडा म्हणतात ना," काका म्हणाले, "म्हणून एक पाय घरचा." काकूंनी लावला. दुसरा आमच्या शाळेच्या शिपायाने लावला. खालच्या गावचे भांडारप्रमुख घाम पुसत आले, तिसरा लावला आणि म्हणाले, "लांबोजी, हे माझ्या बायकोला जमेल. म्हणजे कुणालाही जमेल." काकूंनी चहा देताना त्यांचा कप मुद्दाम कान तुटलेला दिला.

चौथा पाय वाटीशेजारी राहिला. काका त्याला हात लावू देत नव्हते. मी एकदा म्हणाले, "मी लावते ना, नुसतं बघायला." ते म्हणाले, "कविराज, तुझा हात वरच्या गावचा आहे का?" रोज संध्याकाळी ते दाराकडे बघत बसायचे. मुकादमबाई आली नाही. आणि मग ती सकाळ झाली.

आज मी काकूंकडे गेले होते. आत शिरताना नळ फिरवला. मग लक्षात आलं, आता याची नोंद घेणारं कोणी नाही.

मागून आवाज आला. "साहेबांचं घर हेच ना?"

मुकादमबाई दारात उभी होती. एकटी. काकू उठल्या नाहीत, नुसतं सतरंजीकडे बोट केलं. बाक भिंतीला टेकून तीन पायांवर उभं होतं.

"हे तसंच ठेवलंय?"

"तुमच्यासाठी ठेवलं होतं," काकू म्हणाल्या. "मला पुसूसुद्धा देत नव्हते."

ती खाली बसली. पाय मांडीवर घेतला, वाटीतून स्क्रू काढला. काकूंनी काकांचा बुटका स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. तिने एक पीळ दिला, दुसरा दिला, थांबली. पाय काढला. भोकाशी डोळा नेला. पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"भोक तिरकं आहे," ती म्हणाली. "हा बसवला तर महिन्यात डुगडुगेल. साहेबांनी बघितलं नव्हतं?"

"त्याला त्यांनी हातच लावला नव्हता," मी म्हणाले.

तिने पाय सतरंजीवर ठेवला. मग म्हणाली, "कारखान्याला लिहा. नीट करून दुसरा पाठवा म्हणावं. गोडीत लिहू नका."

"आणि वरचं गाव?" मी विचारलं.

"पाय येईपर्यंत आम्ही थांबू. नगराध्यक्षांना सांगते मी."

स्क्रू तिने परत वाटीत टाकला. जाताना तिला दारात वाकायची गरज नव्हती. तरी बाहेर पाऊल टाकताना तिने मान वर करून चौकटीकडे बघितलं.

बाक अजून तीन पायांवर आहे.