साडीची दोन टोकं

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी साठत जातात, तपासायच्या वह्या आणि किस्से. वह्या निदान परीक्षेच्या आधी संपतात. किस्से मात्र कपाटावरच्या गुंडाळलेल्या नकाशांसारखे पडून राहतात आणि कोणी एक ओढला की चार खाली येतात. वॉशिंग मशीनचा विषय निघाला की आखाडा बाळापुरात अजून माझंच नाव घेतात. म्हणून म्हटलं, दुसऱ्यांनी तिखटमीठ लावण्यापेक्षा आपणच सांगून टाकावं.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. माझी बायको शोभा आरोग्य उपकेंद्रात सिस्टर. लसीकरण, बाळंतपणं, सगळं तिच्याकडे. रोज पांढरी साडी आणि ती रोज धुवायची. त्या वर्षी तिच्या बोटांची पेरं सुजायला लागली. सकाळी मूठ वळेना. मग धुतलेली साडी आम्ही दोघं मिळून पिळायला लागलो. अंगणात एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. तेवढ्या दोन मिनिटांत ती आदल्या दिवशीचं सगळं सांगायची. कुणाला मुलगी झाली, कुणाची सासू दवाखान्यात यायला नाही म्हणाली. मग ती तिच्या ड्युटीवर, मी माझ्या शाळेत. दिवसभरात आमचं निवांत बोलणं तेवढंच.

नांदेडच्या डॉक्टरांनी तिची बोटं दाबून पाहिली आणि म्हणाले, "कपडे धुणं, पिळणं एकदम बंद. नाहीतर या हातांनी बाळ धरता येणार नाही."

परतीच्या बसमध्ये शोभा खिडकीबाहेर पाहत होती. हात पदराखाली. मी मुळातच घाबरट माणूस, मला तर वारंगा फाटा येईपर्यंत पाणी प्यायचंही सुचलं नाही.

दोन दिवस साडी मी धुतली. तिसऱ्या दिवशी पाहतो तर ही मागच्या बाजूला बसून तीच साडी गुपचूप परत धुतेय! तेव्हा ठरलं, मशीन घ्यायचं.

*

स्टाफरूममध्ये विषय काढला आणि सगळ्यांनी सल्ले दिले. मशीन कोणाच्याच घरी नव्हतं, त्यामुळे सल्ले भरपूर होते. एका गोष्टीवर मात्र एकमत झालं. आपल्याकडे पाणी तीन दिवसांआड, तेव्हा समोरून दार असलेलं घ्यायचं, त्याला पाणी कमी लागतं.

आमचे हेडसर कुठलीच गोष्ट तपासणी तक्त्याशिवाय करत नाहीत. त्यांनी आखीव कागदावर तक्ता काढून दिला. मशीनचं नाव, क्षमता, वर्तणूक, शेरा. मी विचारलं, "सर, वर्तणूक कशाला?"

"पाईकराव, घरात ठेवायचंय ना? मग वर्तणूक पाहायलाच पाहिजे."

*

वर्तणूक पाहायला आम्ही कळमनुरीला गेलो. तिथे एका बँकेच्या साहेबांकडे तसलं मशीन असल्याची बातमी होती. सोबत आमचे गणिताचे राठोड सर. हे तांड्यावरचे. त्यांचे वडील बैल पारखण्यात नावाजलेले, आणि ती नजर सरांकडेही उतरलेली आहे असं सरांचं स्वतःचं मत.

साहेबांच्या बाईंनी आम्हाला मशीनसमोर दोन खुर्च्या टाकून दिल्या, चहा दिला आणि धुणं लावलं. आम्ही काचेतून पाहत बसलो. साहेबांचा लेंगा वर जायचा, खाली यायचा. अर्धा तास आमची नजर हलली नाही. बाई म्हणाल्या, "आमी पन पहिले पंधरा दिवस टीव्ही लावला न्हाई."

शेवटी मशीन कपडे पिळायला लागलं आणि भिंतीपासून हळूहळू पुढे यायला लागलं. चांगलं वीतभर आलं. मी कपबशी घेऊन उभा राहिलो. बाईंनी सवयीनं पुढे होऊन त्याला गुडघ्यानं थोपवलं. माझ्या डोळ्यांसमोर शोभाचे हात आले. हे मशीन अडवायचं कोणी?

राठोड सरांनी वर्तणुकीच्या रकान्यात लिहिलं, 'चालते.'

*

नांदेडच्या दुकानात राठोड सरांनी सूत्रं हातात घेतली. ड्रममध्ये हात घालून तो फिरवला, कान लावला, मशीनला दोन्ही बाजूंनी हलवलं, वाकून पाय पाहिले. दुकानदार गुण सांगत होता, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मग त्यांनी काखेतलं गाठोडं काउंटरवर ठेवलं.

"आता चालवून दाखवा. आमी बैल बी गाडीला जुपल्याबिगर घेत न्हाई."

गाठोड्यात त्यांचे दोन शर्ट होते आणि शोभाची ड्युटीची साडी. ती त्यांनी माझ्याकडून मागून घेतली होती, पांढऱ्यावर खरं कळतं म्हणून. दुकानदाराच्या मागच्या भिंतीला नळ होता. बिचाऱ्याने जोडणी करून मशीन सुरू केलं. वीस मिनिटं झाली आणि लाइट गेली.

मी म्हटलं, "दार उघडून कपडे द्या."

"आत पाणी आहे सर. उघडलं तर दुकानभर होईल. लाइट आली की आपोआप पुढे चालू होतं."

"आणि लाइट नाही आली तर?"

"येते हो सर, कधी ना कधी."

आम्ही बस गाठायच्या वेळेपर्यंत बसलो. काचेआड साडीचा काठ दिसत होता, दार काही उघडत नव्हतं. शेवटी साडी तिथेच सोडून निघालो. शोभाला काय सांगायचं, याचा विचार करकरून बाळापूर येईपर्यंत मला घाम फुटला होता. दुसऱ्या दिवशी तांड्यावर लसीकरण, आणि तिची दुसरी साडी ओली.

*

शोभा चिडली नाही. "काहून नेली होती पन?" एवढंच म्हणाली आणि सकाळी घरातली पिवळ्या फुलांची साडी नेसून तांड्यावर गेली. मी दिवसभर वर्गात धास्तावलेला. तिचे साहेब तपासणीला आले तर? गणवेश नाही म्हणून मेमो मिळाला तर?

संध्याकाळी ती आली ती हसतच. पांढरी साडी दिसली की तांड्यावरची लेकरं बाजेखाली जाऊन लपतात, एकेकाला ओढून काढावं लागतं. त्या दिवशी एकही पळालं नाही. पाहुणी आली समजून सगळी येऊन हिच्या मांडीवर बसली.

"सुई टोचल्यावर मात्र असे पाहायले माझ्याकडं," ती म्हणाली, "मलाच लाज वाटली."

*

तिसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरनं फाट्यावर एक पुडकं दिलं. आत साडी, इस्त्री केलेली, आणि दुकानदाराची चिठ्ठी. लाइट सकाळी आली. मशीन जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालू झालं आणि काम पूर्ण करून थांबलं. राठोड सरांचे शर्टही आत होते, पण त्यांना इस्त्री नव्हती.

हेडसरांनी चिठ्ठी तक्त्याला टाचणीनं जोडली आणि शेरा लिहिला, 'काम अर्धवट सोडत नाही. घ्यावे.'

राठोड सर दोन दिवस शर्टांवरून नाराज होते.

*

मशीन घरी आलं. राठोड सरांनी गच्चीवर पाण्याचा ड्रम चढवून नळी खाली सोडली. मशीनवर पाण्यानं काठोकाठ भरलेली परात ठेवली आणि एकेक पाय फिरवत पाणी सपाट केलं. मला काही धीर निघेना. कळमनुरीचं वीतभर चाललेलं मशीन डोळ्यांसमोरून जात नव्हतं. मी सुताची दोरी आणली आणि मशीन खिडकीच्या गजाला बांधायला घेतलं.

राठोड सरांनी माझ्या हातातून दोरी काढून घेतली. "सर, यंत्र हाय ते. बैल न्हाई."

*

पहिलं धुणं रविवारी सकाळी लावलं. हेडसर तक्ता घेऊन हजर, राठोड सर दाराशी उकिडवे. मी मशीनला टेकून उभा, चाललंच तर थोपवायला. शोभा उंबऱ्यात. इतक्या दिवसांत मशीन कसलं हवं, हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

लाइट गेली नाही. मशीन जागचं हललं नाही. शेवटचा पिळा सुरू झाला तेव्हा सगळं घर घुमायला लागलं आणि मी मशीन दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मग खट्ट आवाज झाला आणि दार उघडलं.

शोभानं पांढरी साडी बाहेर काढली. राठोड सर म्हणाले, पाणी राहिलंय का ते पिळून पाहिल्याशिवाय खरं नाही. मी पुढे झालो, डॉक्टरांनी तिला पिळायला मनाई केलीय म्हणालो, पण तोवर तिनं नेहमीसारखं एक टोक माझ्या हातात दिलं होतं.

अंगणात आम्ही साडी ताणली. ती तिच्या बाजूला वळवत गेली, मी माझ्या. फार जोर लागलाच नाही. हेडसर चष्मा सावरत खाली वाकले आणि फरशी पाहत राहिले. एक थेंब पडला नाही.

"उत्तीर्ण," हेडसर म्हणाले. त्यांनी तक्त्यावर सही केली. राठोड सरांनी साडीला हात लावून मान डोलावली. मग चहा झाला, दोघंही गेले.

दोरीवर टाकलेली साडी तोवर जवळजवळ वाळली होती. शोभानं ती काढून आणली, झटकली आणि एक टोक परत माझ्यापुढे धरलं.

मी म्हटलं, "अगं, आता पिळायचं काय राहिलंय?"

"धरा तर," ती म्हणाली. "काल परत तांड्यावर गेले होते, तिथं काय झालं, ते सांगायचंच राहिलं."