पावण्यांची चादर

चौदा जून १९९३, सोमवार. गडहिंग्लजचा एस.टी. स्टँड, सकाळची कोल्हापूर गाडी. हजर तिघे: अण्णा म्हणजे माझे वडील, अव्वा म्हणजे आई, आणि मी, सदा, वय एकवीस. रक्कम चारशे रुपये. अण्णांनी ती मोजून माझ्या हातात दिली आणि मी त्यांच्यासमोर परत मोजली. आमच्या घरात याचं कोणी वाईट मानत नाही. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. वळकटीत सतरंजी, अव्वानं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ, आणि माझी रोजची चादर. ती चादर धुऊन धुऊन इतकी विरली होती की तिचा मूळ रंग निळा की हिरवा, यावर घरात दोन मतं होती.

कंडक्टरनं वळकटीचं लगेज मागितलं. अण्णा भडकले.

"अंथरुणाचं कसलं लगेज वं? पोरगं तिकडं काय उभ्यानं झोपनार हाय?"

गाडीतली माणसं हसली. कंडक्टरही हसला, पण पावती फाडलीच. अव्वा खिडकीखाली उभी होती. ती म्हणाली, "परीक्षेला पिशवी घिऊन गेलतास, तवा परत आलास. आता वळकटी न्हेतोयस. म्हंजे ऱ्हायलाच गेलास की."

मी तिला समजावलं, पासष्ट किलोमीटर तर आहे, दोन तासांचा रस्ता, दर शनिवारी येतो. किलोमीटर मी बरोबर सांगितले होते.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका खोलीत आम्ही चौघे राहायचो. नोकरी एका व्यापाऱ्याकडे, जमाखर्च लिहायची. पहिले काही महिने त्या चादरीला गावच्या घराचा वास होता, चुलीचा धूर आणि गोठा यांच्या मधला. खोलीतले बाकीचे हसतील म्हणून मी ती इतरांच्या आधी उठून घडी करून ठेवायचो. पुढे मीच ती निळ्या साबणानं धूत गेलो आणि वास गेला. कधी गेला ते लक्षात आलं नाही. तुमच्यापैकी जे गाव सोडून शहरात आलेत त्यांना विचारा, असा वास एका दिवशी जात नाही, आणि गेल्यावर कुणाला सांगताही येत नाही.

शनिवारचं महिन्यावर आलं, महिन्याचं सणावर. माझं लग्न झालं, शैला आली, मुलगी झाली. कसबा बावड्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, दोन बेडरूमचा. ज्या वर्षी फ्लॅट घेतला त्याच वर्षीच्या गणपतीत मी गावी एकटाच गेलो होतो. दुपारचं जेवण झालं, मी नेहमीप्रमाणे सोप्यात आडवा होणार, तोवर अव्वा म्हणाली, "थांब जरा." ती आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि ती पावण्यांची चादर घेऊन बाहेर आली.

ज्यांच्या घरी अशी चादर नव्हती त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे घरात येणारी नवी चादर घरातल्या माणसांसाठी नसायची. ती ट्रंकेत जायची, डांबराच्या गोळ्या घालून. व्याही आले, जावई आले, साहेब कोणी मुक्कामाला राहिले, की ती बाहेर निघायची. ते गेले की धुऊन, वाळवून, मूळच्याच घडीवर घडी घालून परत ट्रंकेत. आम्ही झोपायचो जुन्यावर. आमची ती चादर गुलाबाच्या मोठ्या फुलांची होती आणि तिची खळ कधी मोडलीच नव्हती, कारण तिच्यावर एका वेळी दोन रात्रींपेक्षा जास्त कोणी झोपलंच नव्हतं. लहानपणी मी तिच्यावर बसलो म्हणून अण्णांनी मला उठवलं होतं. "ऊठ, ती पावण्यांची हाय."

ती चादर अव्वानं माझ्यासाठी अंथरली. कोपरे ओढून सारखे केले. मला वाटलं, मुलानं फ्लॅट घेतला म्हणून कौतुक चाललंय. मी आडवा झालो. अंगाखाली कागद असावा तशी ती कुरकुरत होती, डांबराच्या गोळीचा वास नाकात जात होता, आणि मला झोप आली नाही. त्यानंतर प्रत्येक खेपेला तीच चादर.

अण्णा गेले. अव्वा गावी एकटी राहिली. चार वर्षांपूर्वी शैला गेली, किडनीच्या आजारानं. मुलगी लग्न होऊन नाशिकला. फ्लॅटमध्ये मी एकटा राहिलो. डबल बेडवर मी अजूनही उजव्या बाजूलाच झोपत होतो. आठ-दहा महिन्यांनी लक्षात आलं की चादर एकाच बाजूनं विरत चालली आहे, उजवीकडं पातळ, डावीकडं नव्यासारखी. मला अशी नासाडी बघवत नाही. मग दर रविवारी धुतल्यावर मी ती फिरवून घालायला लागलो, डोक्याची बाजू पायाला, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या विरतील. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात अव्वा न्हाणीत घसरून पडली. मनगट मोडलं. शेजारच्या काशव्वानं हाक ऐकली म्हणून बरं. ती त्या दिवशी गडहिंग्लजच्या बाजाराला गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. प्लास्टर निघाल्यावर मी अव्वाला म्हटलं, आता माझ्याकडे राहायला ये. ती आली, एक पिशवी घेऊन, दोन दिवस राहिली आणि परत गेली. "झोपच लागत न्हाय हितं," एवढंच तिचं म्हणणं.

झोप लागत नाही, म्हणजे अंथरुणात खोट असणार, असा मी निष्कर्ष काढला. तिला मी मुलीच्या खोलीतल्या सिंगल बेडवर झोपवत होतो, त्यावर मुलीची जुनी पॉलिस्टरची चादर होती. सुरकुती पडत नाही म्हणून शैलानं घेतलेली, पण अंगाला चिकटायची आणि घाम शोषत नव्हती. मी महाद्वार रोडच्या दुकानात गेलो, टेप घेऊन. गादी छत्तीस इंच रुंद, पाच इंच जाड. छत्तीस आणि दोन्ही बाजूंचे दहा म्हणजे सेहेचाळीस. गादीखाली खोचायला सात-सात इंच, झाले साठ. मी दुकानात घडी उघडून माप घ्यायला लागलो.

दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला, "सायेब, चादर घेताय का पलाट?"

"दोन धुण्यांत दोन इंच आटली तर खोचायला काय उरणार?" मी म्हटलं.

"आईशप्पत, असं गिऱ्हाईक रोज एक आलं तर दुकान बंद करून शेती करीन." त्यानं एक चकचकीत पाकीट पुढं सरकवलं. "ही बघा. हजार थ्रेड काउंट. हात लावा, लोणी हाय."

"एका इंचात हजार धागे मावतात कुठं?"

"कंपनी लिवत्या, मी वाचतो."

त्याचा राग आला नाही. मी घरी वाचून गेलो होतो की चारशेच्या पुढचे आकडे बहुतेक एकाच धाग्याचे पदर वेगळे मोजून फुगवलेले असतात. आणि ते लोण्यासारखं सॅटिन विणीचं कापड आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंगाला गरम होतं. मी साध्या विणीची, शंभर टक्के सुती, तीनशे काउंटची निवडली. उजेडासमोर धरून वीण दाट आहे का पाहिलं. मुठीत चुरगाळून सोडली. सुरकुती राहिली, म्हणजे भेसळ नाही. पांढरी, बारीक निळा काठ.

"कुणासाठी एवढी पारख?" दुकानदारानं विचारलं.

"आईसाठी."

उशीचा एक अभ्रा त्यानं फुकट घातला. चादर अकराशे सत्तरला पडली. शैला असती तर म्हणाली असती, माझ्यासाठी कधी नाही आणली. खरं आहे.

अव्वाला मी परत घेऊन आलो. कडक इस्त्री करून चादर अंथरली होती, कोपरे ओढून सारखे केले होते. ती दारात उभी राहून बघत राहिली. मग जवळ येऊन तिनं तळव्यानं नाही, बोटांच्या मागच्या बाजूनं कापड चाचपलं.

"केवढ्याला?"

मी खरा आकडा सांगितला.

"आगं बया," ती म्हणाली आणि कडेला बसली. पाहुणी बाई खुर्चीवर बसते तशी.

सकाळी चादर मूळच्याच घडीवर घडी घालून पाकिटात परत गेली होती. अव्वा सतरंजी टाकून खाली झोपली होती. मी विचारलं, असं का? म्हणाली, "मळंल की. ठिव पावण्यास्नी." आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना, "दोन दिस झाले. सोड मला स्टँडवर."

"अव्वा, तू काय पावणी आहेस? हे तुझंच घर आहे."

"मग ही कशाला काढलीस?" तिनं विचारलं. "तू आलास की मी काढतो न्हवं, तशी तू काढलीस. बरं केलंस. मान ठिवलास."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. मी तिला रिक्षानं स्टँडवर नेलं, खिडकीजवळ जागा बघून दिली. गाडी गेल्यावर मी बाकावर बसून राहिलो. सतरा वर्षं ती माझ्यासाठी ती गुलाबाची चादर काढत होती, आणि सतरा वर्षं मी तिच्यावर दोन दिवस झोपून परत येत होतो.

घरी आलो. पाकीट उघडलं. त्या रविवारपासून मी डबल बेडवरून हललो आणि मुलीच्या खोलीत, त्या नव्या चादरीवर झोपायला लागलो. दर रविवारी धुवायची, थंड पाण्यात, खळ नाही, सावलीत वाळवायची. आधी ती टोचायची. पावसाळ्यात ती वाळेना, पंख्याखाली टाकावी लागायची. नवरात्रापर्यंत तिची कुरकुर गेली. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी हात फिरवला तर मधला भाग नरम लागला आणि निळा काठ जरा फिका झालेला. एक गोष्ट बरी होती. सिंगल चादर मधोमध विरते, दोन्ही बाजूंना सारखी. फिरवून घालावी लागत नाही.

दिवाळीला गावी जाताना ती पिशवीत घातली. धुतलेली नव्हती; चार रात्री तिच्यावर झोपलो होतो, तशीच. जेवण झाल्यावर अव्वा ट्रंकेकडं निघाली.

"ट्रंक राहू दे," मी म्हटलं. "मला जुनी टाक."

"जुनी कुठली? लग्नानंतर तू हितं आणून टाकलेल्या जुन्या चादरीची वाकळ करून चार वर्सं झाली. माझ्या अंगाखाली हाय ती."

मी पिशवीतून चादर काढली आणि तिच्या अंथरुणावर, त्या वाकळेवर, पसरली. कोपरे ओढले नाहीत.

"ही कुणाची?"

"माझी. रोजची."

तिनं पदर नाकाला लावावा तशी चादरीची कड नाकाला लावली. "साबण लई घालतोस." मग मधल्या भागावर हात फिरवला, थांबली, पुन्हा फिरवला. "मधीच इरल्या. तू पोरीच्या त्या बारक्या खोलीत झोपतोस व्हय? तुमचा मोठा पलंग काय झाला?"

"मोठ्यावर झोप लागत नाही."

ती आडवी झाली, भिंतीकडं तोंड करून. मी सोप्यात खुर्चीवर बसलो. चहाची वेळ झाली तरी ती उठली नाही. काशव्वा दारात येऊन विचारून गेली, "आज तुझी आई अजून निजल्या व्हय?" ऊन खाली उतरल्यावर अव्वा उठून बाहेर आली, चूळ भरली आणि म्हणाली, "उद्या बाजारला जाशील तर दोरी आन. चांगली जाड. वळकटी बांधाय."

दोरी आणली. वळकटी तिनं स्वतः बांधली, मनगट दुखत होतं तरी. आत वाकळ, सतरंजी आणि पांढरी चादर. ट्रंक उघडून तिनं गुलाबाच्या चादरीतल्या गोळ्या बदलल्या आणि ती परत आत ठेवली. "ही कशाला न्हेऊ? हितंच ऱ्हाऊ दे." किल्ली काशव्वाकडं दिली.

गाडीत बसल्यावर मला कळलं काय झालंय ते. गावाकडच्यांनो, तुम्ही म्हणाल, सदानं शेवटी आईला नेलं, चांगलं केलं. चांगलंच केलं. पण घर म्हणजे मला वाटायचं की जिथं अव्वा आहे ते. ते आता माझ्या शेजारी खिडकीत बसून कोल्हापूरला निघालं होतं. मागं बंद दाराआड एक ट्रंक, आणि ट्रंकेत एकच चादर. यापुढं आम्ही दोघं तिथं गेलो तर आम्हाला तीच अंथरावी लागेल.

कंडक्टर बाई होत्या. म्हणाल्या, "आजींचं फुकट. तुमचं एक. आणि ह्या वळकटीचं लगेज पडंल."

अव्वा खिडकीतून वळली. "अंथरुणाचं कसलं लगेज गं बाई? म्हातारी काय उभ्यानं झोपनार हाय?"

गाडी हसली. मी वाद घातला नाही. कंडक्टर बाईंना दिले: माझ्या तिकिटाचे एकशे एकवीस, वळकटीचे एकवीस, एकूण एकशे बेचाळीस. अव्वाचं तिकीट शून्य.