कोतवालाच्या फोटोत आम्ही तिघं

हसनाबादच्या स्टँडवर एस.टी. लागली तेव्हा माय तोंडाला पदर लावून रडत होती आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, माझ्या ट्रंकेवरून कंडक्टरशी हुज्जत घालत होते. पंचाहत्तर साल. नर्सिंगचं शिक्षण संपवून, अंबडच्या दवाखान्यात थोडे दिवस काढून मी इंग्लंडला निघाले होते. बौद्धवाड्यातली पोरगी विमानात बसणार म्हणून निम्मं गाव जमलं होतं. ज्यांनी एरवी आम्हाला ओट्यावर बसू दिलं नसतं, तेही होते. गाडी हलली तसे अप्पा खिडकीशी धावत आले. मला वाटलं, आता तरी ‘जपून राह्य’ म्हणतील. ते म्हणाले, “बाई, तिथं कोतवाल दिसला तर बराबर ध्यानात ठेव. मला सगळं सांग.” असा राग आला! त्या रागाच्या आधारानेच मी जालन्यापर्यंत रडू आवरलं.

कोतवाल म्हणजे एक अमेरिकन विमान. खरं नाव ब्लॅकबर्ड. अप्पा गावच्या शाळेत मास्तर. जालन्याला गेले की मस्तगडमधल्या एका मित्राच्या रद्दीच्या दुकानात जुनी इंग्रजी मासिकं चाळत बसत. तिथं त्यांना त्याचा फोटो सापडला. काळंकुट्ट, चपटं, लांब मानेचं. बंदूक नाही, बॉम्ब नाही. नुसतं बघायचं, फोटो काढायचे आणि कुणी गाठायच्या आत पसार व्हायचं. आवाजाच्या तिप्पट वेग, आणि इतकी उंची की आतल्या माणसांना चंद्रावर जाणाऱ्यांसारखा पोशाख. म्हशीच्या पाठीवर बसणारा, कावळ्यालाही पिटाळून लावणारा दुभंगल्या शेपटीचा काळा कोतवाल पक्षी आमच्याकडे कुणाला माहीत नाही? अप्पांनी ब्लॅकबर्डचं तेच मराठी करून टाकलं. चौऱ्याहत्तर साली ते विमान अमेरिकेहून लंडनला दोन तासांच्या आत पोचलं, ही बातमी वाचून त्यांनी वर्गात गूळ वाटला होता.

या प्रेमाचं मूळ आमच्या घरातच होतं. आजोबा गावचे जागल्या. दिवेलागणीला घरोघर हाळी द्यायची, सगळी माणसं घरात आहेत का बघायचं, कुणी कमी निघालं तर वर कळवायचं. गाव निजलं की रात्रभर गस्त घालून अख्ख्या गावाची राखण करायची आणि पायरीखाली उभं राहून भाकरी झेलायची. छप्पन साली आम्ही धम्म घेतला आणि अप्पांनी ते काम घरातून कायमचं हद्दपार केलं. पण फोटोवर बोट ठेवून ते म्हणत, “हा बी जागल्याच हाये, बाई. पण ह्याला पायरीखाली उभं करायची कोणाची टाप न्हाई.” चुलीपुढून माय म्हणे, “मंग त्यालाच म्हणा, दोन घागरी पाणी आणून दे.”

इंग्लंडात पूर्वेकडच्या एका लहान शहरातल्या हॉस्पिटलात मला नोकरी लागली. शिफ्ट, वॉर्ड, ट्रॉली, बेडपॅन हेच शब्द दिवसभर तोंडात. होस्टेलच्या खोलीत हीटरला चिकटून बसायचं. तिथली छपरं उतरती, त्यांवर कुणी चढत नाही, निजत नाही, कुरडया वाळत घालत नाही, याचंच मला पहिल्या हिवाळ्यात सगळ्यात जास्त परकेपण वाटलं.

आणि नशिबाची थट्टा बघा. तिथून बसने जाता येईल एवढ्या अंतरावर अमेरिकनांचा विमानतळ होता, आणि पुढच्या वर्षीपासून कोतवाल तिथं येऊन-जाऊन राहू लागला. माझ्या वॉर्डातली मोरीन नावाची आयरिश नर्स मला एका सुट्टीला घेऊन गेली. कुंपणाशी फ्लास्क घेऊन आलेली म्हातारी मंडळी होती. त्यातल्या एकाने सांगितलं, हे विमान जमिनीवर असलं की तेल गळतं. वर गेलं की तापतं, पत्रा फुगतो आणि फटी बुजतात. मग ते धावपट्टीवरून सुटलं. आवाज कानात नव्हे, बरगड्यांत शिरला. मी ओरडले, तेही मराठीत. आणि ते ढगात शिरताच मला फार अपराधी वाटलं. ज्याने गूळ वाटला तो माणूस हसनाबादेत, आणि जिला नुसता राग आला होता ती कुंपणाला नाक लावून उभी. दुसऱ्यासाठी वाढलेलं ताट मी ओढून घेतलं होतं.

मी सगळं लिहून कळवलं. अप्पांना गळक्या तेलाचं बिलकुल नवल वाटलं नाही. बैलगाडीच्या चाकाला पाणी पाजलं की लाकूड फुगतं आणि लोखंडी धाव घट्ट बसते, तसंच हे, म्हणाले. पण पुढे लिहिलं होतं, “त्याला म्हणा, हिकडून जायचं तर आईतवारी जाय. मी अन तुझी माय धाब्यावर बसून राह्यतो. फोटू निघाला तर चौकशी कर, आम्ही दिसतो का.” आमचं घर धाब्याचं, म्हणजे वर पांढरी माती थापलेलं सपाट छप्पर. त्यावर दर रविवारी भर उन्हात दोघं बसणार! मी समजावलं, अप्पा, ते आपल्याकडून जात नाही, आणि गेलं तरी त्याचे फोटो नर्सला कोण दाखवणार? उत्तर आलं, “जागल्या कव्हा येऊन गेल्ता, हे गावाला कुठं कळत व्हतं?” आणि शेवटी मायचं एक वाक्य, “इतकं वरून दिसतं, तर खाली यायला काय व्हतं?”

ते वाक्य विमानासाठी नव्हतं. मला ते इंजेक्शनसारखं टोचलं आणि टोचतच राहिलं. या वर्षी परीक्षा, पुढच्या वर्षी रजा नाही, त्याच्या पुढच्या वर्षी तिकिटाचा खर्च. कारणं खरी होती, पण खऱ्या कारणांनी मन खात नाही असं थोडंच आहे? पोरीने आईबापाला धाब्यावर बसवलं, असं भावकीत कुणी म्हणालं असेल, तर ते अक्षरशः खरं होतं.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात शेवटी गेले. अप्पा वाळले होते, मायचे केस पिकले होते. रविवारी सकाळी अप्पा काखेत एक गाठोडं घेऊन शिडी चढले, माय मागोमाग. मीही चढले. अप्पांनी गाठोडं सोडलं. आत माझं पातळ होतं, नर्सिंग शिकताना नेसायचे ते पांढरं. सवयीने त्यांनी ते मातीवर पसरलं, चारी टोकांवर दगड ठेवले आणि त्याच्या बाजूला बसले.

“अप्पा, हे काय करून राह्यले?”

“माणसं बराबर भराया पाह्यजेत, बाई. त्यानं मोजलं अन घरात एक कमी निघालं, तर? पांढरं लांबून दिसतं.” मग माझ्याकडे बघून एकदम हसले. “आरं, तू तर हायेस की!” त्यांनी दगड उचलले, पातळाची घडी केली आणि हाताने माती साफ करून मला त्या जागी बसवलं. अप्पा आणि मी रिकाम्या आभाळाकडे बघत बसलो. माय एकटी माझ्याकडे बघत होती.

निघायच्या दिवशी मी बॅग भरत असताना ती येऊन उभी राहिली. जन्मभर त्या विमानाची टिंगल केलेली माझी माय. म्हणाली, “जातानी एक पातळ ठेवून जाय, बाई. ते पह्यलं इरून गेलं, दगडानं फाटून राह्यलं.” मी वरचंच एक काढून दिलं. तिने ते उजेडाकडे धरलं.

“पांढरं न्हाई का? फोटूत निळं दिसंल का?”

आता दोघंही नाहीत. धाबं पाडून तिथं स्लॅब पडला. कोतवालही थकला, इथल्या एका संग्रहालयात छपराखाली उभा आहे, त्यालाही आभाळ दिसत नाही. मागे राहिलेले विचारतात, परत कधी येतेस? माझ्यासारखे इथं आलेले म्हणतात, आता हेच घर. मी दोघांनाही हो म्हणते. पण घर म्हटलं की मला कुठलाच पत्ता आठवत नाही. दगडांखाली फडफडणारं एक निळं पातळ आठवतं. मी निघून आले, आणि माझ्या जागी ते आईबापाजवळ बसून राहिलं.